लिफ्ट केल्यावर गाडी हायवेवर पोहते, त्यावर डँपर हे औषध नाही

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलुंडचे एक जण आहेत, मारुतीची २०२३ ची पाच दरवाजांची जिम्नी, दोन इंच लिफ्ट केली, म्हणजे स्प्रिंगा बदलून उंच केली, टायर २३५/७५ आर १५ टाकले. आता अटल सेतूवर ऐंशीला गाडी सरळ चालत नाही, सारखं स्टेअरिंग सावरत बसावं लागतं. वळण मारल्यावर स्टेअरिंग स्वतःहून परत येत नाही. आणि ईस्टर्न एक्सप्रेसवर एखाद्या पुलाच्या जॉइंटवर चाक आपटलं की सत्तरच्या आसपास पुढचा भाग असा काही थरथरायला लागतो की हातातून स्टेअरिंग सुटेल असं वाटतं. गॅरेजवाल्याने तीनदा अलाइनमेंट केलं, मग कंपनीचा स्टेअरिंग डँपर, म्हणजे स्टेअरिंगचे झटके गिळणारा छोटा शॉक, काढून जाडा डँपर लावून दिला, महिनाभर बरं वाटलं, परत तेच. आता तो म्हणतो, ऑफरोड गाडी आहे साहेब, अशीच चालणार.

अशी चालत नाही. दोन इंच लिफ्ट केलेली गाडी शंभरला एका हातात सरळ चालली पाहिजे आणि चालते. मी भांडुपला गाळा टाकून वीसेक वर्षं हेच काम करतोय, सुरुवात महिंद्राच्या एमएम ५४० जीप आणि जिप्सीपासून, आता थार आणि जिम्नी जास्त येतात. तुमच्या गाडीत दोन वेगळे आजार आहेत आणि सगळ्यांनी मिळून ते एकच समजलेत, म्हणून पैसे जातायत आणि गुण येत नाहीये. पोहणं, म्हणजे सरळ न चालणं, हा एक आजार. थरथर हा दुसरा. पहिला कोनाचा आहे, दुसरा ढिलेपणाचा. डँपर दोन्हीचं औषध नाही, तो फक्त दुसऱ्याचा आवाज बंद करतो.

पहिला घेऊ. कास्टर म्हणजे काय ते सायकलवर कळतं. सायकलचा पुढचा चिमटा उभा नसतो, तिरका असतो, वरचं टोक तुमच्याकडे झुकलेलं, म्हणून हात सोडून सायकल सरळ जाते आणि हँडल आपोआप मधे येतं. गाडीतही चाक ज्या आसावर वळतं तो आस वरून थोडा मागे झुकलेला असतो. तो झुकाव कमी झाला की चाकाला सरळ राहायची ओढच राहत नाही, मग वारा, रस्त्याचा उतार, शेजारून गेलेला कंटेनर, जो येईल तो गाडी ढकलतो आणि तुम्ही दिवसभर सावरत बसता. अटल सेतूवर जास्त जाणवतं कारण तिथे आडवा वारा मोकळा येतो, अडवायला काही नाही, आणि गाडी उंच झाल्याने वाऱ्याला धरायला जागापण जास्त. शहरात चाळीसच्या वेगाने हे कोणाला कळतच नाही, म्हणून ट्रायल मारायला गॅरेजच्या गल्लीतून एक चक्कर मारून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता जिम्नीत लिफ्टने कास्टर का जातो ते बघा. पुढे सॉलिड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड आडव्या दांड्यावर, आणि त्याला दोन लांब आर्म धरून ठेवतात, आर्मचं मागचं टोक चासीला आणि पुढचं टोक एक्सलला दोन बुशांमधे, म्हणजे रबरी गाद्यांमधे, घट्ट पकडलेलं. म्हणजे आर्म फिरला की एक्सल त्याच्याबरोबर फिरणारच, त्याला दुसरा इलाज नाही. तुम्ही स्प्रिंग उंच केली, चासी वर गेली, आर्मचं पुढचं टोक खाली राहिलं, एक्सल पुढच्या बाजूला खाली वाकला, किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचं, वरचं टोक पुढे आलं, कास्टर गेला. किती गेला तेपण कागदावर काढता येतं. समजा आर्म सत्तर सेंटीमीटर आहे आणि गाडी पाच सेंटीमीटर वर गेली, तर साधारण चार डिग्री. चार! कंपनीने मुळात ठेवलेला कास्टरच इतका मोठा नसतो की त्यातून चार काढून काही शिल्लक राहील. म्हणजे तुमची गाडी आत्ता जवळजवळ शून्यावर किंवा उलट्या बाजूला चालतेय.

आणि अलाइनमेंट तीनदा करून काही का झालं नाही तेही यातच आहे. अलाइनमेंटवाला टो सेट करतो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं पुढून किती आत-बाहेर आहेत ते. पण तुमच्या गाडीत टाय रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, एका नकलपासून (चाकाबरोबर वळणारा पार्ट) दुसऱ्या नकलपर्यंत सरळ जातो, तो एक्सलबरोबरच वरखाली होतो, त्यामुळे लिफ्टने टो बदलतच नाही! जे बिघडलंच नाही ते तीन वेळा दुरुस्त केलं. कास्टरचा आकडा मशीनच्या स्क्रीनवर लाल रंगात दिसत असणार, आणि विचारलंत तर पोरगा सांगणार, "सर, त्यात अॅडजस्टमेंट नसते." खरंच नसते, त्याच्या हातात नसते, पण म्हणून तो आकडा खोटा होत नाही. तो रिपोर्ट प्रिंट मागून घ्या, दोन्ही बाजूचे कास्टर वेगवेगळे, मोबाइलमधे फोटो नको, प्रिंट. डाव्या-उजव्यात अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढणारपण, तो तिसरा विषय, एखादा आर्म किंवा एक्सल वाकलाय का बघावं लागतं.

रिपोर्ट मिळेपर्यंत घरी करायची एक ट्रिक सांगतो. गाडीच्या मागच्या सीटवर आणि डिकीत चांगलं वजन टाका, दोन खात्यापित्या घरचे मित्र आणि सामान, मागची बाजू तीनेक सेंटीमीटर बसली पाहिजे, आणि मग तोच रस्ता त्याच वेगाने चालवून बघा. मागून गाडी बसली की नाक वर येतं आणि कास्टर थोडा वाढतो, जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर, तीन सेंटीमीटरला हिशोबाने अर्धा-पाऊण डिग्री मिळते. तेवढ्यानेसुद्धा स्टेअरिंग जरा शहाण्यासारखं वागायला लागलं तर समजा कास्टरच आहे. माझ्याकडे कोणी पोहणारी गाडी घेऊन आला की मशीनवर घेण्याआधी मी हेच करतो, मागे माझी दोन पोरं बसवतो. (त्याच कारणाने, लिफ्ट किटमधे मागच्या स्प्रिंगा पुढच्यापेक्षा उंच असतील आणि गाडी नाकावर पडल्यासारखी दिसत असेल, तर दिसायला कितीही भारी वाटो, तेवढा कास्टर अजून खाल्लेला आहे.)

इलाज तीन प्रकारचे. एक, आर्मच्या एक्सलकडच्या बुशा काढून मधलं भोक बाजूला असलेल्या बुशा टाकायच्या, त्याला कास्टर बुश म्हणतात. दोन इंचापर्यंत हे चालतं, पण बुश दाबताना दिशा उलटी झाली तर कास्टर अजून कमी होतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकाने दोन्ही बाजूला उलट्या टाकल्या होत्या, दुसऱ्याने एक सुलटी एक उलटी! दोन, चासीकडचं टोक ब्रॅकेटने खाली आणायचं. माझ्या मते चालवायला हा सगळ्यात चांगला, कारण आर्म परत मूळ कोनात येतो, खड्ड्यात बसणारा धक्कापण कमी होतो, पण ब्रॅकेट खाली लोंबतं आणि दगडात अडकतं, तुम्ही खरंच दगडात जात असाल तर विचार करा. तीन, पूर्ण आर्मच बदलायचे, वाकवून बनवलेले मिळतात, महाग, आणि वेल्डिंग कोणाचं आहे ते बघून घ्या. हा पार्ट तुटला तर पुढचं चाक मागे सरकतं, त्यामुळे तुमच्या ओळखीच्या वेल्डरने "मी बनवून देतो" म्हटलं तर चहा पाजून त्याला परत पाठवा.

जुन्या पाट्याच्या गाड्यांना, म्हणजे जिप्सी, एमएम ५४०, हाच आजार दुसऱ्या वाटेने होतो. तिथे पुढच्या पाट्याचं शॅकल, म्हणजे पाट्याला चासीशी जोडणारी हलती पट्टी, पुढच्या टोकाला असतं. लोक लिफ्ट म्हणून लांब शॅकल टाकतात, पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, एक्सल पुढे वाकतो, परत तेच. त्याला एक्सल आणि पाट्याच्या मधे पाचर देतात, लोखंडी, दोन किंवा चार डिग्रीची. अॅल्युमिनियमची पाचर मी घेत नाही, फुटते. पाचर जास्त दिली की पुढच्या प्रॉपशाफ्टचा, म्हणजे पुढच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन बिघडतो आणि फोर व्हीलमधे टाकल्यावर खालून गुरगुर येते, जिम्नीतही बुश-ब्रॅकेटने अति केलं तर तेच होतं, म्हणून कास्टर एकदम पुस्तकातला परत मिळालाच पाहिजे असा हट्ट धरू नका. थोडा कमी चालतो. शून्य चालत नाही.

आता थरथर. इंग्रजीत याला डेथ वॉबल म्हणतात आणि ज्याने एकदा अनुभवलाय त्याला नाव पटतं. चालू असताना झालं तर आधी काय करायचं ते सांगून ठेवतो कारण दुरुस्ती होईपर्यंत तुम्ही गाडी चालवणारच आहात, मला माहितीये. एक्सेलेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा पण त्याच्याशी कुस्ती खेळू नका, करकचून ब्रेक मारू नका, वेग चाळीस-पन्नासच्या खाली येऊ द्या, आपोआप थांबेल, मग डावीकडे घ्या. ब्रेक जोरात दाबला की वजन पुढे येतं आणि थरथर वाढते.

हे होतं कसं, तर पुढच्या एक्सलमधे कुठेतरी ढिलेपणा असतो, एका ठराविक वेगाला चाकाचा झटका आणि त्या ढिलेपणाचा ताल जुळतो, आणि मग दोन्ही चाकं डावी-उजवी एकमेकांना ढकलत राहतात. सुरू व्हायला एक धक्का लागतो, पुलाचा जॉइंट, पेव्हर ब्लॉकची उखडलेली रांग, काहीही, मुंबईत त्याची कमी नाही. मोठे जड टायर म्हणजे जड लोलक, त्यामुळे जो थोडासा ढिलेपणा १९५ च्या टायरला कंपनीच्या गाडीत कधी कळला नसता तो तुमच्याकडे बोंब मारतो. कमी कास्टरने पोहणं येतं, थरथरीला तो एकटा कारण नसतो, म्हणूनच म्हणतो दोन वेगळे आजार.

शोधायचं कसं. यात मशीन लागत नाही, दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, चाकं जमिनीवर, जॅकवर नाही. इंजिन चालू, हँडब्रेक, चाकामागे दगड. एक जण आत बसून स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं, चाक वळायच्या आतबाहेर, पटापट हलवतो. दुसरा खाली झोपतो आणि एकेका जोडावर हात ठेवतो, बोट असं ठेवायचं की अर्धं एका पार्टवर अर्धं दुसऱ्यावर, ढिलं असलं की डोळ्याआधी बोटाला कळतं. पहिल्यांदा पॅनार्ड रॉड, म्हणजे एक्सलला आडवा धरून ठेवणारा तो लांब दांडा. त्याचा बोल्ट. दहातल्या बऱ्याच गाड्यांत मला तिथेच सापडतं. लिफ्ट करताना तो बोल्ट काढतात, परत लावताना नुसत्या पान्याने "टाइट झाला" म्हणतात, टॉर्क रेंच वापरत नाहीत, मग बोल्ट भोकात इकडेतिकडे नाचतो आणि गोल भोक अंडाकृती होतं. एकदा अंडाकृती झालं की बोल्ट कितीही आवळा, महिन्याभराने परत ढिलं. तुमचं "महिनाभर बरं होतं" ऐकून मला आधी तेच आठवलं. बोल्ट काढा आणि भोक टॉर्च मारून बघा. अंडाकृती असेल तर वॉशर वेल्ड करून भोक परत गोल करावं लागतं, किंवा ब्रॅकेट बदलावं लागतं, जाड बोल्ट टाकून भागवायचं तर भोक नीट रीम करून, म्हणजे कापून गोल करून.

मग टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचे, म्हणजे स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे, दोन्ही एंड, आर्मच्या बुशा. मग जॅकवर घ्या, टायर वर-खाली पकडून हलवा, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहावर हात. हलला तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन बेअरिंग, कोणी ब्रेक दाबून धरला आणि हलणं बंद झालं तर व्हील बेअरिंग, तरीही हलतंय तर किंगपिन. तीन आणि नऊवर हलला तर टाय रॉड बघा. किंगपिन बेअरिंग नुसतं हलत नाही एवढ्याने पास होत नाही, त्याला थोडा दाब असावा लागतो. टाय रॉड सोडून नकलला ताणकाटा लावून ओढायचं, मच्छीवाले वापरतात तसला चालतो, आणि किती वजनाला नकल हलायला लागतो ते सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवायचं. फुलासारखा हलका फिरला तर शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, कमी करून दाब वाढवावा लागतो. पाण्यात गाडी घातली असेल, आणि जुलैमधे मुंबईत राहून पाण्यात घातली नाही असं कोण म्हणेल, तर नकलच्या सीलवर लक्ष द्या, गोळ्याभोवती काळपट चिखल-ग्रीसचा लगदा दिसला तर आत पाणी गेलेलं आहे आणि बेअरिंग गंजत बसलंय. समुद्राच्या हवेने तो गंज अजून लवकर. माझ्या अंदाजाने पावसाळ्यानंतर एकदा हे उघडून बघणं घाट फिरणाऱ्या कुठल्याही सॉलिड एक्सलच्या गाडीला लागतंच.

एक गोष्ट मुद्दाम, कारण ही सगळे चुकतात. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर बसलेली असताना. गॅरेजमधे गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, तिथेच सगळं आवळून टाकतात कारण उभं राहून काम सोपं जातं. मग गाडी खाली आली की प्रत्येक बुश पीळ पडलेल्या अवस्थेत बसतो, आणि सहा महिन्यांत रबर फाटतं. तुमच्या गॅरेजवाल्याने काय केलं मला माहीत नाही, पण सगळे ढिले करून खाली बसवून परत आवळायला अर्धा तास लागतो, करून घ्या.

आता टायर. २३५/७५ आर १५ म्हणजे साधारण ७३३ मिलिमीटर, कंपनीचा १९५/८० आर १५ म्हणजे ६९३. सहा टक्क्यांच्या आसपास फरक, म्हणजे आधी जिथे काटा ऐंशी दाखवायचा त्याच ऐंशीला आता तुम्ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला आहात. हे मोठं प्रकरण नाही, पण थरथर "सत्तरला होते" म्हणताना ते चौऱ्याहत्तर आहे हे लक्षात ठेवा. मोठं प्रकरण दुसरं आहे. बाहेरचे अलॉय टाकलेत का? जिम्नीला पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर, तसले रिम खूप मिळतात, पण मधलं भोक हबला घट्ट बसणारं आहे का ते कोणी बघत नाही. भोक मोठं असेल तर रिम हबवर बसत नाही, नुसत्या नटांवर लटकते, केंद्र थोडं सरकतं आणि बॅलन्सिंग मशीनवर परफेक्ट असलेलं चाक गाडीवर लावल्यावर थरथरतं. मधे रिंग मिळतात, त्या टाका. आणि रिम बाहेरच्या बाजूला निघालेली असेल किंवा स्पेसर असेल तर चाकाचं केंद्र किंगपिनच्या आसापासून लांब गेलं, प्रत्येक खड्डा आता लांब पान्याने स्टेअरिंग फिरवतो, हातात झटके त्याचेच. दिसायला रुंद दिसते म्हणून लोक करतात. मला आवडत नाही, सांगून टाकतो.

हवेचं म्हणाल तर टायर बदलला की दरवाज्यावरच्या स्टिकरचा आकडा फक्त सुरुवात करायला. खडूने टायरवर आडवी जाड रेघ मारा, सरळ सपाट रस्त्यावर शंभर-दोनशे मीटर चालवा, रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी. ऑफरोड वाटेवर जाऊन हवा कमी केलेली असताना हायवेला लागून "गाडी पोहते" म्हणून आलेलेपण आहेत माझ्याकडे, नाव सांगत नाही, माझा चांगला मित्र आहे.

तिसरी गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत पण थोड्या दिवसांनी लिहाल, ती म्हणजे खड्ड्यावर गाडी आपोआप एका बाजूला उडी मारते, तुम्ही स्टेअरिंग हलवलेलं नसतं तरी. बंप स्टिअर. कंपासपेटीतला कर्कटक आठवा. पॅनार्ड रॉड एक चाप काढतो, ड्रॅग लिंक दुसरा चाप काढते, दोन्ही एकाच कोनात आणि साधारण एकाच लांबीच्या असतील तर दोन चाप एकत्र चालतात, काही होत नाही. लिफ्ट करून फक्त ड्रॅग लिंकचं टोक खाली आणलं, खाली वाकलेला पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा) टाकून, आणि पॅनार्ड तसाच तिरका ठेवला, की दोन चाप भांडतात आणि भांडण स्टेअरिंगवर येतं. माझ्या स्वतःच्या एमएम ५४० वर मी हे केलंय, पाटे एक्सलच्या वर चढवले, गाडी भरपूर उंच झाली, ड्रॅग लिंक उभी शिडीसारखी दिसायला लागली म्हणून तिला झेडसारखा वाक देऊन घेतला, वाकलेला दांडा स्प्रिंगसारखा लवतो हे तेव्हा डोक्यात आलं नाही, आणि सायन-पनवेल हायवेवर वाशीच्या पुलाच्या आधी एका खड्ड्याने मला थेट शेजारच्या लेनमधे नेऊन सोडलं. शेजारी टँकर नव्हता म्हणून आज हे लिहितोय. त्यानंतर नकलवर उंच आर्म लावून लिंक सरळ केली. वाकडी लिंक कोणी देत असेल तर घेऊ नका.

दोन इंचाला मी पिटमन आर्मला हात लावत नाही. अॅडजस्टेबल पॅनार्ड टाकतो, पुढे आणि मागेही, कारण लिफ्ट केल्यावर तो दांडा तिरका झाल्याने एक्सल एका बाजूला सरकतो. समजा दांडा ऐंशी सेंटीमीटर, आधी एक टोक आठ सेंटीमीटर खाली होतं, आता तेरा, तर एक्सल सहा-सात मिलिमीटर सरकला. पुढचा एकीकडे आणि मागचा दुसरीकडे सरकला तर गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळते. फेंडरपासून चाकाच्या कडेपर्यंत दोरी-ओळंबा लावून मोजा. पुढचा पॅनार्ड सेट केलात की स्टेअरिंग वाकडं होणार, ते ड्रॅग लिंकच्या अॅडजस्टरने सरळ करायचं. स्टेअरिंग व्हील काढून दात बदलून सरळ करणारे आहेत, त्यांना करू देऊ नका, ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर अजूनही वाकडंच समजतो आणि नेमकं नको तिथे एका चाकाचा ब्रेक लावतो. सगळं झाल्यावर स्कॅनरने स्टेअरिंग अँगल शून्यावर घ्यायचा.

आणि स्टेअरिंग बॉक्सवरचा तो स्क्रू. जिम्नीला बॉक्स आहे, रॅक नाही, आणि बॉक्सवर एक स्क्रू-लॉकनट असतो, प्ले कमी करायला. तो आवळला की ढिलेपणा गेल्यासारखा वाटतो म्हणून प्रत्येक "मिस्त्री" तिथे पहिला पाना लावतो. जास्त आवळला की स्टेअरिंग मधे अडकतं, वळणानंतर परत येत नाही, आतले दात खातात. तुमचं स्टेअरिंग परत येत नाहीये, कास्टर तर आहेच, पण या स्क्रूला कोणी हात लावलाय का ते विचारा. रंगाची खूण तुटलेली दिसेल.

थारवाल्यांसाठी दोन ओळी, कारण कोणीतरी विचारणारच. २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी हलतात, वर सांगितलेलं पॅनार्डचं पुराण पुढच्या बाजूला लागू नाही, मागच्या एक्सलला लागू आहे. तिथे स्ट्रटवर स्पेसर टाकून उचलली की टो, कँबर (चाकाचा आत-बाहेर झुकाव), कास्टर तिन्ही बदलतात, सीव्ही जॉइंट (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा जोड) आणि बॉल जॉइंट टोकाच्या कोनात चालतात, आणि गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना वर "ठक" आवाज येतो तो सस्पेन्शनची खाली जायची हद्द संपल्याचा. तिथे अलाइनमेंट खरंच लागतं, लगेच, आणि पहिल्या काही दिवसांनी परत एकदा. दीड इंचाच्या पुढे वरचे आर्म बदलल्याशिवाय मी करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

लेन बदलताना गाडीचं ढुंगण आधी जातं असं वाटतं का? ते मागच्या आर्ममुळे. लिफ्टने मागचे आर्म एक्सलकडे उतरते झाले, गाडी झुकली की बाहेरचं चाक मागे आणि आतलं पुढे सरकतं, म्हणजे मागचा एक्सल स्वतःच थोडा उलटा वळतो. आर्मचे ब्रॅकेट खाली आणले की कमी होतं. बाकी उंची वाढली म्हणजे उलटायची भीती वाढली, हे गणित सोपं आहे, चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, उत्तर जितकं कमी तितकी गाडी लवकर उलटते. १.४ मीटर अंतर आणि समजा गुरुत्वमध्य ०.६५ मीटरवर, तर १.०८, गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटर वर गेला की बरोबर १. वर कॅरिअर, जेरीकॅन, टपावरचा तंबू टाकलात की एकच्याही खाली. माळशेजच्या वळणावर हे आकडे कोणाला आठवत नाहीत.

कायद्याचंही एकदा सांगून टाकतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाही. वॉरंटी आणि इन्शुरन्सवाले अपघातानंतर गाडी उंच दिसली की काय करतील त्याचा अंदाज तुम्हाला आहे. निर्णय तुमचा.

तर तुमच्या गाडीचा क्रम माझ्या हातात असता तर असा: जाडा डँपर काढून कंपनीचा परत लावायचा, म्हणजे आजार झाकला जाणार नाही. मग पॅनार्डचा बोल्ट आणि भोक, मग बाकीचे जोड, किंगपिन, रिमचं मधलं भोक, बॅलन्सिंग. थरथर गेल्याशिवाय कास्टरला हात लावायचा नाही, नाहीतर काय केल्याने काय गेलं ते कळत नाही. मग कास्टर, मग पॅनार्ड मधे आणणं, शेवटी टो आणि सेन्सर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग. ऐरोली ते भांडुप सकाळी सहाला मोकळा असतो, मी तिथेच ट्रायल घेतो.

कास्टरची प्रिंट आणि पॅनार्डच्या दोन्ही भोकांचे फोटो टाका, मग पुढचं सांगतो. आणि हेडलाइट खाली करून घेतलेत का? दोन इंच वर गेल्यापासून तुम्ही समोरच्यांच्या थेट डोळ्यात मारताय, भिंतीसमोर उभी करून स्क्रू फिरवा, पाच मिनिटांचं काम आहे.